पॅनलवर नव्याने आलेल्यांनो, साठ दिवस म्हणजे दोन महिने नव्हेत

विधी सेवा समितीच्या पॅनलवर, म्हणजे मोफत वकील म्हणून नेमायच्या वकिलांच्या यादीत, नाव लागलं की वाटतं, फुकटच्या केसवर हात बसवून घेऊ. मलाही वाटलं होतं. आरोपी कोठडीत असेल तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली त्याचं उत्पन्न न बघता वकील मिळतो. तो वकील तुम्ही असता, आणि त्याला दुसरा परवडत नसतो.

माझी ठेच सविस्तर सांगतो, कारण अजून झोंबते. मोटारसायकल चोरीचा आरोप, मुलगा एकोणीस वर्षांचा. पहिला रिमांड, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडीत पाठवलं तो दिवस, 1 मार्चला. असल्या गुन्ह्यात 60 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क असतो. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 167(2), आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) 187(3). जन्मठेपेसारख्या गंभीर गुन्ह्यांत 90 दिवस. मी बोटांवर मोजलं : मार्च, एप्रिल, झाले दोन महिने. 1 मे ला सुट्टी, म्हणून अर्जावर 2 मे ची तारीख टाकून ठेवली.

आता नीट मोजा. अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, आणि तो दिवसही धरायचा. मार्चचे 31, एप्रिलचे 29. साठ भरले 29 एप्रिललाच. 30 तारखेला सकाळी अर्ज दिला असता तर मुलगा सुटला असता. त्या दिवशी मी कोर्टातच होतो, अर्ज बॅगेत. दुपारी चारच्या सुमारास हवालदार कापडात बांधलेला गठ्ठा घेऊन आला, मला रामराम करून आत गेला. ते आमचंच दोषारोपपत्र होतं. अर्ज त्याआधी दाखल असता तर नंतर कितीही गठ्ठे आले तरी हक्क जात नव्हता. अर्ज नसल्यामुळे गेला.

घाबरू नका, दार कायमचं बंद होत नाही. गुणदोषांवर नियमित जामीन मागता येतो. त्या मुलाला तो मिळाला, तीन आठवड्यांनी. ते तीन आठवडे मात्र माझ्या खात्यावर.

माझे सिनिअर फौजदारीतले, एकदा आमदार झालेले. पुढची निवडणूक पडले, तरी पट्टेवाल्यापासून सगळे ‘आमदारसाहेब’च म्हणत. मी हे सांगितल्यावर ओरडले नाहीत. टेबलाच्या खणातून एक लांबट वही काढली : नाव, पहिला रिमांड, 60 की 90, आणि शेवटच्या रकान्यात लाल पेन्सिलीने 61वा किंवा 91वा दिवस. फीचा रकानाच नव्हता. “आमदारकीतही रविवारी रात्री ही भरायचो,” म्हणाले. “तू कॅलेंडर बघितलंस, दिवस मोजले नाहीस.” सत्काराच्या शाली कुठे गेल्या, त्यांनाही माहीत नसावं.

एक स्पष्ट मत : जो सिनिअर फक्त ऑफिसात बसून ड्राफ्ट तपासतो, त्याच्याकडे वर्ष घालवू नका. आणि झेरॉक्सवाल्याकडचे तयार जामीनअर्ज तर हातातही धरू नका; माझ्या एका मित्राच्या अर्जात दुसऱ्याच आरोपीची आजारी आई निघाली होती.

वही आता माझ्याकडे असते. या महिन्यात सात नावं आहेत, त्यातली दोन नव्वदवाली. एकाचा 61वा दिवस उद्या आहे. तुरुंगातून वकीलपत्र सही होऊन आलंय का, ते बघायला निघतो.