गिलाव्याआधी भिंतीतली खोल भोकं भरताना

वीटकाम संपून परांचीचे बांबू निघाले की त्यांची भोकं भिंतीत उरतात. त्यात इलेक्ट्रिशियनने चुकीच्या जागी फोडलेले बॉक्सचे खड्डे आणि प्लंबरने पाइपासाठी पाडलेली आरपार छिद्रं येऊन मिळतात. गिलावा करतानाच दोन थाप्या माल जास्त मारून ती बुजवायची सवय बऱ्याच साइटवर दिसते. पुढे भेगा पडतात त्या नेमक्या इथे. गिलाव्याचा एक थर 12 ते 15 मिमीचा असावा. त्याहून जाड गोळा ओला असताना लोंबतो, वाळताना आकसतो आणि भोकाच्या कडेने सुटतो. रंगावर गोल किंवा चौकोनी भेग उमटते ती यामुळे. खोल भोक म्हणजे राहून गेलेलं वीटकाम समजायचं आणि ते गिलाव्याच्या किमान आठवडाभर आधी उरकायचं.

आधी खोली मोजा. 20 मिमीपर्यंतचा खळगा आदल्या दिवशी एका थरात भरता येतो. 20 ते 50 मिमी असेल तर 12-15 मिमीचे थर द्या. प्रत्येक थर ओला असतानाच खिळ्याने आडवातिडवा खरवडा आणि पुढचा थर दुसऱ्या दिवशी लावा. 50 मिमीच्या पुढे नुसता माल नको, विटांचे तुकडे घालायलाच हवेत.

छिन्नीने सगळा सैल भाग काढा. बांबूची साल, कागद, आदल्या खेपेचा भुसभुशीत माल, काहीही आत ठेवू नका. भोकाचं तोंड मोठं आणि तळ निमुळता असेल तर कडा आतून थोड्या छाटा, म्हणजे भरलेला भाग बाहेर सरकणार नाही. तारेच्या ब्रशने घासून धूळ पाण्याने धुऊन काढा. धुळीवर माल कधीच धरत नाही.

कोरडी वीट मालातलं पाणी शोषते आणि सिमेंट पक्कं व्हायच्या आतच माल भुगा होतो. म्हणून भोक तासभर आधी भिजवा आणि भरायचे तुकडेही पाण्यात टाकून ठेवा. भरताना मात्र वीट ओलसर हवी, आत पाणी साचलेलं नको.

माल 1:4 (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) घ्या, पाणी बेताचं: मुठीत दाबला की गोळा टिकावा, बोटांतून गळू नये. अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा आणि घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालू नका. 10×10 सेंमी तोंडाची, 12 सेंमी खोल अशी दहा भोकं असतील आणि निम्मी जागा तुकड्यांनी व्यापली, तर साधारण सव्वादोन किलो सिमेंट आणि सहा लिटर वाळू लागते.

सिमेंटची पातळ स्लरी (पाण्यात कालवलेलं सिमेंट) आतून ब्रशने लावा आणि ती ओली असतानाच तळाशी माल दाबा. मग तुकडा बसवून चारही बाजूंच्या फटींत लाकडी पट्टीने माल ठासा. सर्वात जास्त चूक वरच्या फटीत होते: माल खाली बसतो आणि वर पोकळी राहते. ती फट शेवटी, वेगळी ठासा. भराव भिंतीपेक्षा 5 मिमी आत ठेवून खरवडा. वर गुळगुळीत घोटलात तर गिलावा तिथेच सुटेल.

आरपार भोक एका दमात भरू नका. आज एका बाजूने निम्म्यापर्यंत, उद्या दुसऱ्या बाजूने. बाहेरच्या भिंतीत भोकाचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता छाटा आणि मालात वॉटरप्रूफिंग कंपाउंड पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात घाला. पावसाचं पाणी घरात शिरायची ही ठरलेली वाट आहे. वीतभर रुंद खड्ड्याला फळी ठोकून, बारीक खडीचं 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरलेलं बरं.

कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीत चिऱ्याचेच तुकडे वापरा. चिरा पाणी जास्त पितो, त्यामुळे भिजवायला वेळ द्या. जुन्या वाड्याच्या चुन्यातल्या भिंतीला सिमेंट लावू नका. त्याने ओल कोंडते आणि कडेच्या विटा झिजतात. तिथे चुन्याचाच माल हवा. एएसी ब्लॉकला (हलका, सच्छिद्र सिमेंटचा ब्लॉक) ब्लॉकचेच तुकडे आणि ब्लॉक जोडायचा अॅडेसिव्ह.

भराव सात दिवस ओला ठेवा. उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. मग हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. ठण्ण वाजलं तर ठीक, पोकळ आवाज आला तर तेवढा भाग काढून पुन्हा भरा. मोठ्या भोकांवर आणि वीटकाम-बीमच्या सांध्यावर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) दोन्हीकडे 15 सेंमी जाईल अशी खिळ्यांनी ताणून बसवा. सैल जाळी गिलाव्यात फुगते.