उच्च-बल अल्प-मिश्र पोलाद : आराखड्यात आणि वर्कशॉपमध्ये या चुका टाळा

उच्च-बल अल्प-मिश्र पोलाद, म्हणजेच एचएसएलए स्टील, दिसायला साध्या माइल्ड स्टीलसारखेच असते, आणि त्याच्या वापरातील बहुतेक चुका या साम्यातूनच होतात. त्यात कार्बन बहुधा ०.२५ टक्क्यांच्या आतच असतो, मँगनीज थोडे अधिक असते आणि नायोबियम, व्हॅनेडियम किंवा टायटॅनियम ही मूलद्रव्ये अगदी अल्प, सहसा प्रत्येकी ०.१ टक्क्याहून कमी प्रमाणात घातलेली असतात. एवढ्याशा भरीने यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे ज्या ताणानंतर पोलाद कायमचे वाकते ती मर्यादा, २५० मेगापास्कलवरून ३५० किंवा त्याहूनही पुढे जाते. मात्र या बळाचा मोठा भाग रासायनिक घटकांइतकाच लाटणीच्या तापमानातून आणि त्यातून मिळणाऱ्या सूक्ष्म कणरचनेतून येतो.

पहिली चूक आराखड्याच्या टेबलावरच होते. बळ वाढले म्हणजे ताठपणाही वाढला, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात सर्व रचनात्मक पोलादांचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, सुमारे २०० ते २१० गिगापास्कल इतकाच असतो. समजा, २५० मेगापास्कलच्या तुळईऐवजी ३५० मेगापास्कलची तुळई घेतली आणि उंची तीच ठेवून तिचा छेद बळाच्या प्रमाणात हलका केला, तर तेवढ्याच भाराखाली तिचा बाक सुमारे १.४ पट होईल. जिथे बाक किंवा कंपन हाच निर्णायक निकष आहे, अशा लांब गाळ्यांच्या मजल्यांत महाग पोलादाचा लाभ जवळजवळ मिळत नाही. सडपातळ खांबांचेही तसेच आहे, कारण त्यांचा बकलिंग भार, म्हणजे खांब बाजूला फुगून निकामी होतो तो भार, यील्ड स्ट्रेंग्थवर नव्हे तर ताठपणावर आणि लांबीवर ठरतो. आखूड व भरीव खांब, ओढीखालील घटक आणि स्वतःचे वजनच मोठा भार ठरणाऱ्या लांब पल्ल्याच्या रचना यांमध्ये मात्र हे पोलाद आपली किंमत वसूल करून देते.

पूल, क्रेनच्या तुळया आणि वाहनांच्या चौकटी यांच्याबाबतीत याहून गंभीर चूक संभवते. वेल्ड केलेल्या जोडाची थकवा, म्हणजे वारंवार बदलणारा भार, सहन करण्याची क्षमता मूळ धातूच्या बळाबरोबर वाढत नाही, कारण तडा वेल्डच्या कडेच्या सूक्ष्म दोषांतूनच वाढू लागतो. म्हणूनच प्रचलित संहितांमध्ये जोडाचा थकवा-वर्ग त्याच्या आकारावरून ठरतो, पोलादाच्या ग्रेडवरून नाही. छेद हलका करून ताणाचा पल्ला, म्हणजे कमाल व किमान ताणातील फरक, १.४ पट होऊ दिला, तर आयुष्य पल्ल्याच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटून जवळपास एक तृतीयांशावर येते. अशा ठिकाणी जोडाची मांडणी सुधारणे किंवा वेल्डची कड घासून गुळगुळीत करणे हा उपाय ग्रेड वाढवण्यापेक्षा कितीतरी उपयुक्त आहे.

वर्कशॉपमधील सर्वांत महागडी चूक उष्णतेची असते. नियंत्रित तापमानाला लाटून तयार केलेली प्लेट, म्हणजे थर्मोमेकॅनिकल रोलिंगची प्लेट, लालबुंद करून वाकवली तर तिचे बारीक कण मोठे होतात, आणि ती थंड झाल्यावर पुन्हा पूर्वीच्या बळाला येत नाही. अशा प्लेटसाठी साधारण ५८० अंश सेल्सिअसच्या वरची दीर्घ तापवणी टाळावी. वाकडा भाग ज्योतीने सरळ करताना उष्णता थोड्या जागेत व थोड्या वेळापुरतीच द्यावी आणि उत्पादकाने दिलेली मर्यादा पाळावी. नॉर्मलाइज्ड, म्हणजे तापवून हवेत थंड केलेल्या, स्थितीत पुरवलेली प्लेट गरम करून वाकवण्यास तुलनेने सोशिक असते. त्यामुळे ग्रेडच्या नावाइतकीच पुरवठ्याची स्थितीही तपासली पाहिजे, आणि नेमकी तीच नोंद खरेदीच्या कागदांत सर्रास गाळली जाते.

वेल्डिंगनंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, वेल्डलगतच्या भागात तडा दिसला, तर ओलाव्यातून वेल्डमध्ये शिरलेल्या हायड्रोजनचा संशय आधी घ्यावा. हायड्रोजन, कठीण झालेली धातुरचना आणि ताण हे तिन्ही एकत्र आल्याशिवाय असा तडा पडत नाही. म्हणून बेसिक लेपाचे लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड, उदाहरणार्थ ई७०१८, वापरावेत, ओलावा शोषलेले इलेक्ट्रोड उत्पादकाच्या सूचनेनुसार पुन्हा भाजून घ्यावेत आणि प्रीहीट, म्हणजे वेल्डिंगपूर्वीची तापवणी, कार्बन समतुल्य (पोलाद किती सहज कठीण होते हे सांगणारा आकडा) व जाडी पाहून ठरवावे. कार्बन समतुल्य काढताना कार्बनमध्ये मँगनीजचा सहावा भाग, क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा भाग आणि निकेल व तांबे यांच्या बेरजेचा पंधरावा भाग मिळवतात. जाड प्लेटवरील छोटा टॅक वेल्ड, म्हणजे भाग जागेवर धरून ठेवणारा तात्पुरता टाका, निरुपद्रवी वाटतो, परंतु तो अतिशय झपाट्याने थंड होत असल्याने तिथेच रचना सर्वाधिक कठीण होते, हे फॅब्रिकेटर सहज विसरतात. याच्या उलट, एकाच पासमध्ये भरमसाट उष्णता दिल्यास लगतच्या भागातील कण मोठे होऊन त्याची चिवटता घटते. जाड जोडांची अंतिम तपासणी थंड होताक्षणी करू नये. संहितेने सांगितलेला काळ, जो काही प्रकारांत ४८ तासांचा असतो, थांबून ती करावी.

थंड वाकवणीत हे पोलाद अधिक उसळून परत येते, म्हणून साचा माइल्ड स्टीलचाच ठेवला तर कोन चुकतो. वाकवण्याची त्रिज्या मोठी ठेवावी, वाक लाटणीच्या दिशेला आडवा घ्यावा आणि कातरलेल्या कडेचे बारीक ओरखडे आधी घासून काढावेत.

गंजाबाबत दोन गैरसमज आहेत. एचएसएलए म्हटले की ते गंज रोखणारच, असे नाही. एएसटीएम या अमेरिकी मानकांतील ए५७२ ग्रेडला माइल्ड स्टीलइतकीच रंगाची गरज असते. हवामानसह (वेदरिंग) म्हणून ओळखला जाणारा, ए५८८सारख्या ग्रेडचा गट वेगळा आहे. त्या गटावरही गंजाचाच संरक्षक थर तेव्हाच बसतो, जेव्हा पृष्ठभाग आळीपाळीने भिजतो आणि वाळतो. पाणी साचणाऱ्या खाचा आणि खारी हवा त्याला मानवत नाहीत. अटलांटा येथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या ओम्नी क्रीडागृहात या पोलादाचा गंज अपेक्षेप्रमाणे थांबलाच नाही. ती इमारत १९९७ मध्ये पाडण्यात आली.

टेस्ट सर्टिफिकेटवर दिसलेले वाढीव बळ गणनेत धरणे हीदेखील चूकच होय. आराखडा किमान हमी मूल्यावरच करावा, आणि ते मूल्य जाडीनुसार उतरते: आयएस २०६२ या भारतीय मानकाच्या ई३५० ग्रेडमध्ये २० मिलिमीटरपर्यंत किमान ३५० मेगापास्कल मिळतात, तर ४० मिलिमीटरच्या वर ३२०. भूकंपप्रवण रचनेत तर फाजील बळही अडचणीचे ठरते, कारण तुळई ठरलेल्या भाराला न वाकता खांबावर किंवा जोडावर ताण ढकलते. याच कारणाने एएसटीएमच्या ए९९२ ग्रेडमध्ये यील्ड स्ट्रेंग्थला ४५० मेगापास्कलची वरची मर्यादा आणि यील्ड स्ट्रेंग्थ व तुटेपर्यंतचे कमाल ताणबळ यांच्या गुणोत्तराला ०.८५ची मर्यादा घातलेली आहे.

कापलेल्या तुकड्यांवर हीट क्रमांक, म्हणजे पोलाद कोणत्या ओतणीतले आहे हे सांगणारा क्रमांक, पुन्हा उठवून घ्यावा. तो पुसला गेला, तर हातातील स्पेक्ट्रोमीटर रासायनिक घटक सांगेल, परंतु प्लेट कशी लाटली होती हे सांगू शकणार नाही. असा तुकडा गणनेत माइल्ड स्टीलच्या बळाचा धरून दुय्यम कामास वापरता येतो. वेल्डिंग मात्र तो एचएसएलएच आहे असे समजून करावे.