पिस्तुलाचं कॅलिबर बदलताय? या चुका टाळा

अमेरिकेत राहून शनिवार-रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जायची सवय लागली की .४५ कॅलिबरच्या (म्हणजे नळीचा व्यास साधारण ०.४५ इंच) काडतुसांचा खर्च लवकरच डोळ्यांत भरतो. मग १९११ मॉडेलच्या .४५ पिस्तुलातून स्वस्त .२२ झाडता यावं म्हणून किट घरी येतं: नवी स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग), नळी, स्प्रिंग आणि मॅगझिन. खालची फ्रेम तीच. बसवायला पाच मिनिटं पुरतात (आधी मॅगझिन काढा, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, डोळ्यांनी बघा आणि बोटानंही चाचपा). तक्रारी सुरू होतात त्या रेंजवर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मिळेल ते स्वस्त .२२ भरणं. .४५ ची नेहमीची गोळी वजनाला २३० ग्रेनची (साधारण १५ ग्रॅम), .२२ ची साधारण ४० ग्रेनची. एवढ्याशा धक्क्यावर स्लाइड मागे जायची, म्हणून किटची स्लाइड बहुधा ॲल्युमिनियमची, हलकी असते. तरीही मंद काडतूस तिला पुरतं मागे ढकलत नाही. काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता अडकते नाहीतर पुढचं काडतूस उचललंच जात नाही. हे दुखणं जुनंच आहे. १९३१ साली आलेल्या कोल्ट एस या .२२ पिस्तुलालाही ते होतं. त्यावर तोडगा काढला ‘कार्बाइन’ विल्यम्सनं, म्हणजे तुरुंगाच्या कारखान्यात बसून बंदुका बनवणाऱ्या कारागिरानं! त्याच्या तरंगत्या, म्हणजे गोळी सुटताना मागे सरकणाऱ्या, चेंबरमुळे .२२ चा धक्का वाढला. आजच्या बहुतेक किटांत ती सोय नसते. तेव्हा स्लाइड सहज सरकावी म्हणून स्प्रिंग कापायच्या भानगडीत पडू नका. किटसोबतच्या पुस्तिकेत सांगितलेली जास्त वेगाची काडतुसं आणा, तीन-चार कंपन्यांची आलटून पालटून वापरून बघा. मनगटही ढिलं सोडू नका.

सुरुवातीला छान चाललं आणि शे-दोनशे गोळ्यांनंतर अडकायला लागलं, तर काडतुसाला दोष देऊ नका. शिसं आणि मेण चेंबरमध्ये साचतं. ब्रश फिरवा.

रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून सराव करायची .४५ वरची सवय इथे महागात पडू शकते. .२२ ला गोळी उडवणारी पिन काडतुसाच्या काठावर आपटते. काडतूसच नसेल तर ती चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खाच पाडू शकते.

ग्लॉक कंपनीच्या .४० पिस्तुलातून ९ मिमी झाडायचं असेल, तर ९ मिमी ग्लॉकची मूळ नळी त्यात घालू नका. ती बाहेरून बारीक असते, नीट बसत नाही. रूपांतराची नळी वेगळी मिळते. मॅगझिनही ९ मिमीचं घ्या. .३५७ सिग नावाच्या काडतुसासाठी मात्र नुसती नळी बदलून भागतं, कारण ते काडतूस .४० चीच मान आवळून केलंय. उलट दिशेनं, ९ मिमीचं .४०, नळी बदलून होत नाही.

दोन कॅलिबरची काडतुसं एकाच टेबलावर नकोत. ९ मिमीचं काडतूस .४० च्या नळीत जातं, कधी उडतंही, आणि पुंगळी फुगून फाटते. नेहमीच्या आवाजाऐवजी फुस्स झालं तर थांबा, पिस्तूल रिकामं करा, नळीत गोळी अडकली आहे का ते बघा.

आणि हे किट सुटकेसमध्ये टाकून पुण्याला नेऊ नका. अमेरिकेत कायद्याच्या लेखी फ्रेम म्हणजे पिस्तूल, हे किट नव्हे. पण भारतातल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रच धरले जातात, आणि परवान्याशिवाय रूपांतर करणं हा गुन्हा आहे.