कॅनडाला स्थायिक व्हावे की नाही, हे कसे ठरवावे

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमस्वरूपी राहण्याच्या हक्कासाठी, आपण पात्र आहोत की नाही, हे एका संध्याकाळी संगणकापुढे बसून समजते. जावे की नाही हा प्रश्न त्याहून कितीतरी मोठा आहे. पण गुण चांगले भरले की घरात तयारीचीच भाषा सुरू होते आणि मूळ प्रश्न विचारायचा राहून जातो. पुढील मजकूर पुण्यात, नाशकात किंवा ठाण्यात बरी नोकरी असलेले, एखादे लहान मूल आणि साठी-सत्तरीतले आई-वडील असलेले तिशी-पस्तिशीतले जोडपे डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण हा निर्णय सर्वांत अवघड जातो तो अशाच घरांना.

पात्रता मात्र आधी पाहून घ्यावी. एक्सप्रेस एन्ट्री ही निवडपद्धत जानेवारी २०१५ पासून चालू असून तीत वय, शिक्षण, भाषा, कामाचा अनुभव यांना गुण मिळतात आणि जास्त गुण असणाऱ्यांना फेऱ्याफेऱ्यांनी पीआरच्या अर्जाचे निमंत्रण मिळते. एकट्या अर्जदाराला वयाचे पूर्ण ११० गुण एकोणतिसाव्या वर्षापर्यंत मिळतात. पस्तिसाव्या वर्षी ते ७७ उरतात, चाळिसाव्या वर्षी ५० आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. म्हणून ‘दोन वर्षांनी बघू’ असे म्हणणे हाही एक निर्णयच असतो आणि तो तसा समजूनच घ्यावा. अलीकडे सर्वसाधारण फेऱ्यांत पाचशेहून अधिक गुण लागत आले आहेत, तर फ्रेंच जाणणाऱ्यांना त्याहून बऱ्याच कमी गुणांवर निमंत्रणे मिळाली आहेत. ज्यांचे गुण थोडक्यात कमी पडतात त्यांनी एजंटाला पैसे देण्याऐवजी ते फ्रेंचच्या शिकवणीवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या प्रस्तावाचे वेगळे गुण मिळणे बंद झाले आहे, त्यामुळे लाखो रुपये घेऊन ‘जॉब लेटर’ मिळवून देणाऱ्या माणसाकडून बेकायदा वस्तू घेतली जाते आणि तिचे गुणही मिळत नाहीत. सल्लागार हवाच असेल, तर त्याचे नाव कॅनडातील परवानाधारक सल्लागारांच्या सार्वजनिक यादीत आहे का, ते स्वतः तपासावे.

यानंतर नवरा-बायकोने वेगवेगळे बसून, एकमेकांना न दाखवता, आपण कशासाठी जात आहोत ते कागदावर उतरवावे. ‘चांगले आयुष्य’ असे लिहून भागणार नाही. हिंजवडीच्या रहदारीत जाणारे रोजचे तीन तास, मुलाची शाळा, मोकळी हवा, ओळखीपाळखीवाचून होणारी सरकारी कामे, नातेवाइकांच्या सततच्या ढवळाढवळीतून सुटका, किंवा आंतरजातीय लग्नानंतर घराण्याशी तुटलेले संबंध, जे खरे कारण असेल ते लिहावे. मग प्रत्येक कारणापुढे दोन गोष्टी तपासाव्यात: हे इथेच, कमी किमतीत साधेल का, आणि तिथे ते नक्की मिळते का. रहदारीला कंटाळलेल्या माणसाने ब्रॅम्प्टन किंवा मिल्टनमध्ये राहून टोरोंटोच्या मध्यभागी कामाला जाणाऱ्यांचा दिवस कसा जातो ते विचारून घ्यावे. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर दोघांची कारणे अगदीच निराळी निघाली, तर अर्ज थांबवून आधी त्याविषयी बोलावे.

पुष्कळ घरांत या टप्प्यावर जोडीदाराच्या व्यवसायाचा प्रश्न एका वाक्यात उरकला जातो, आणि तो जोडीदार बहुतेक वेळा बायको असते. सॉफ्टवेअरच्या कामाला परवाना लागत नाही; दंतवैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, वकिली, शिक्षकी आणि स्थापत्य अभियांत्रिकी या व्यवसायांना तो लागतो. भारतात दहा वर्षे दवाखाना चालवलेल्या दंतवैद्य स्त्रीला तिथे ज्ञानाची, निर्णयक्षमतेची आणि प्रत्यक्ष कौशल्याची अशा परीक्षा टप्प्याटप्प्याने द्याव्या लागतात, आणि त्यासाठी काही वर्षे व मोठी रक्कम लागते. वकिलाला आधी आपल्या पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि नेमून दिलेल्या विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. परवाना नसलेला स्थापत्य अभियंता परवानाधारकाच्या हाताखाली काम करू शकतो, पण तोवर त्याला स्वतःला अभियंता म्हणवता येत नाही. परवाना प्रांताकडून मिळत असल्याने प्रांत बदलला की नियमही बदलू शकतात. म्हणून ज्याचा व्यवसाय परवान्याचा आहे त्याची वाट आधी आखावी: कोणती परीक्षा, किती शुल्क, किती महिने, त्या काळात मूल कोण सांभाळणार आणि घरखर्च कोणाच्या पगारावर चालणार. त्या जोडीदाराने हे सारे वाचून ‘मला हे चालेल’ असे स्वतःच्या तोंडाने म्हटले पाहिजे. ‘तिथे गेल्यावर काहीतरी मिळेलच’ या वाक्यावर एका माणसाचे दहा-पंधरा वर्षांचे काम सोडून देणे अन्यायाचे आहे, आणि त्याची किंमत पुढे सगळे घर मोजते.

पैशाचा हिशेब करताना कॅनडातल्या पगाराला रुपयांनी गुणण्याचा मोह आवरावा. पगारातून केंद्राचा आणि प्रांताचा असे दोन्ही प्राप्तिकर जातात, शिवाय ठरावीक मर्यादेपर्यंत ५.९५ टक्के निवृत्तिवेतनाची वर्गणी आणि बेरोजगारी विम्याचा हप्ता जातो. टोरोंटोत एका शयनगृहाच्या घराला महिन्याला दोन हजार कॅनेडियन डॉलरांहून अधिक भाडे पडते. डॉक्टरांच्या तपासणीचे आणि रुग्णालयाचे बिल येत नाही हे खरे, पण दात, चष्मा आणि घरी घ्यायची औषधे यांचा खर्च सहसा नोकरीतल्या विम्यातून किंवा खिशातून करावा लागतो, आणि कायमचा कुटुंबडॉक्टर मिळायला वाट पाहावी लागते. सरकारला दाखवायची रक्कम वेगळीच: जुलै २०२५ मध्ये चार जणांच्या कुटुंबासाठी ती २८,३६२ डॉलर ठरली. ही रक्कम कोणाकडून उसनी घेतलेली चालत नाही आणि घराची किंमत तीत धरता येत नाही. या रकमेच्या शिवाय दोघांपैकी कोणालाही नोकरी नसताना आठ-दहा महिने निघतील इतकी शिल्लक असल्याखेरीज निघू नये. इथल्या घराचे हप्ते चालू असतील तर तेही या हिशेबात धरावेत. शैक्षणिक कर्ज काढून शिक्षणाच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे, कारण जानेवारी २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा आली आहे आणि शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याचे तसेच जोडीदाराच्या कामाच्या परवान्याचे नियम त्यानंतर कडक झाले आहेत.

आता आई-वडील. याविषयी अनेकजण शेवटी बोलतात, कारण बोलणे जड जाते. पण माझ्या मते निर्णयाचा निम्मा भार इथेच आहे. ‘त्यांना नंतर तिकडे नेऊ’ हे आश्वासन देण्यापूर्वी त्याचा अर्थ समजून घ्यावा. आई-वडिलांना पीआर मिळवून देण्याच्या योजनेत अर्जाची संधी सोडतीने मिळत आली आहे, त्यामुळे तिच्यावर विसंबून बेत करता येत नाही. त्याऐवजी सुपर व्हिसा मिळू शकतो. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र किमान एक लाख डॉलरांचे संरक्षण देणारा आरोग्यविमा घ्यावा लागतो. वय आणि आजार वाढतात तसा त्याचा हप्ताही वाढतो. आणि हे सर्व जमले तरी त्यांना यायचे आहे का, हे त्यांनाच विचारावे. सकाळी फिरायला जाणारे, भाजीवाल्याशी दोन शब्द बोलणारे, देवळात नाही तर कट्ट्यावर रोज भेटणारे लोक असलेल्या माणसाला फेब्रुवारीत गाडीवाचून घराबाहेर न पडता येणाऱ्या उपनगरात किती दिवस करमेल, याचा विचार त्यांच्या बाजूने करायला हवा.

ते इथेच राहणार असतील, तर रात्री दोन वाजता छातीत दुखू लागल्यास कोण येईल, याचे उत्तर नावांसह लिहावे. एक नाव पुरेसे नाही. शेजारी, नातेवाईक, मित्र अशी तीन-चार नावे हवीत आणि त्या माणसांना आधी विचारलेले हवे. टोरोंटोची वेळ उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, आणि दारापासून दारापर्यंतच्या प्रवासाला जवळपास एक दिवस जातो. तेव्हा अखेरच्या क्षणी आपण पोहोचू शकणार नाही ही शक्यता आई-वडिलांसमोर मोकळेपणाने बोलून घ्यावी. ते बोलणे दुःखाचे असते, तरीही ज्या घरांत ते झालेले असते तिथे पुढे एकमेकांना दोष देणे कमी होते, असे मी पाहिले आहे. भाऊ किंवा बहीण इथे राहणार असेल, तर ‘पैसे मी पाठवीन, करायचे तू’ अशी वाटणी गृहीत धरू नये. त्या भावंडालाही नोकरी आहे, मुले आहेत आणि कदाचित त्यालाही परदेशी जायचे आहे. त्याचे म्हणणे ऐकल्यावर आपला बेत बदलावा लागला, तर बदलावा.

मुलांच्या बाबतीत परतीचा रस्ता किती दिवस उघडा राहतो, ते पाहावे. पीआर टिकवण्यासाठी पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावे लागते. नागरिकत्वासाठी अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून कॅनडाचे नागरिकत्व घेतले की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे कार्ड, घ्यावे लागते. ओसीआयधारकाला मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते. ज्यांच्या गावी सातबाऱ्यावर नाव आहे किंवा पुढे शेती घेण्याची इच्छा आहे, त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलांना नीट आणि जेईईद्वारे होणाऱ्या प्रवेशांत अनिवासी भारतीयांच्या किंवा अतिरिक्त जागांवरच प्रवेश मिळू शकतो. याचा साधा अर्थ असा की मूल माध्यमिक शाळेत गेल्यावर ‘नाही जमले तर परत येऊ’ हे वाक्य दरवर्षी कमी खरे होत जाते. परत यायचेच झाले, तर आठवी-नववीच्या आत येणे सोपे पडते.

म्हणून जाण्याचे ठरले, तर परतीच्या अटीही त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात: कोणत्या तारखेला पुन्हा विचार करायचा, तोवर कोणाला आपल्या क्षेत्रातले काम मिळालेले असले पाहिजे, शिल्लक कोणत्या आकड्याखाली गेली तर थांबायचे आणि आई-वडिलांची प्रकृती कशी झाली तर एकाने लगेच परतायचे. दोन-अडीच वर्षांनंतरची तारीख योग्य, कारण पहिल्या हिवाळ्यात घेतलेला निर्णय थकव्यातून येतो. शक्य असल्यास जाण्याआधी दोघांपैकी एकाने तरी जानेवारी-फेब्रुवारीत तिथे दोन-तीन आठवडे राहून यावे. जूनमधल्या सहलीवरून काहीच कळत नाही. इथले घर फेरविचाराच्या त्या तारखेपर्यंत विकू नये, नोंदणीकृत कराराने भाड्याने द्यावे. निघण्यापूर्वी विश्वासू माणसाच्या नावे मर्यादित कामांपुरते मुखत्यारपत्र नोंदवावे, बँकेतले बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घेण्याची व्यवस्था करावी आणि आई-वडिलांच्या औषधांची, विम्याची व डॉक्टरांच्या क्रमांकांची एक वही वर नावे लिहिलेल्या प्रत्येक माणसाच्या हाती द्यावी.