दुःख, ईश्वर आणि इच्छास्वातंत्र्य : या प्रश्नाचा विचार कसा करावा

ईश्वर सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर जगात एवढे दुःख का, असे कोणी विचारले की आधी विचारणाऱ्याकडे पाहावे. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, त्याला युक्तिवाद नको असतो. त्याच्यापाशी बसावे आणि त्याचे ऐकावे. पुढील विवेचन निवांतपणे विचार करू पाहणाऱ्यासाठी आहे.

प्रथम आक्षेप कोणत्या प्रकारचा आहे, ते ठरवावे. ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो पूर्णतः चांगला आहे आणि तरीही जगात वाईट आहे, ही तीन विधाने एकत्र खरी असूच शकत नाहीत, असा दावा तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये केला. तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९ मध्ये मांडलेला आक्षेप वरवर सौम्य आहे, पण मला तोच अधिक जड वाटतो: वणव्यात होरपळून, कोणाच्याही नजरेस न पडता, दिवसचे दिवस तडफडून मरणाऱ्या हरिणाच्या पाडसाच्या वेदनेतून कोणते भले साधते? पहिल्याला दिलेले उत्तर दुसऱ्याला पुरत नाही.

वाईट हे माणसाच्या स्वतंत्र निवडीतून येते, हे इच्छास्वातंत्र्याचे उत्तर मात्र सावकाश तपासावे. तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा यांचे म्हणणे असे की, निवड खरोखर स्वतंत्र असेल तर ती चांगलीच होईल अशी सक्ती सर्वशक्तिमान ईश्वरही करू शकत नाही. मॅकी यांच्या तार्किक आक्षेपाला हे उत्तर भक्कम आहे, परंतु आपली निवड पूर्वकारणांनी ठरत असूनही आपण स्वतंत्र असतो असे जो मानतो, त्याला ते वापरता येत नाही. कारण मग नेहमी चांगलेच निवडणारी माणसे ईश्वराने का घडवली नाहीत, हा प्रश्न उरतोच. शिवाय स्वातंत्र्य अत्याचार करणाऱ्याचे आणि यातना दुसऱ्याच्या, हा अन्याय नजरेआड करू नये.

नंतर निसर्गातील दुःखाकडे वळावे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप झाला आणि चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेली माणसे ढिगाऱ्याखाली सापडली. तेथे कोणाच्या निवडीचा दोष दाखवणार? निसर्ग नियमबद्ध असल्याशिवाय आपल्या निवडीला अर्थ राहत नाही, हे उत्तर विचारार्ह आहे. दुःखाचे प्रमाण एवढे का, हे त्यातून कळत नाही.

कर्मसिद्धान्तालाही हीच कसोटी लावावी. ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) ईश्वरावरील पक्षपात आणि निर्दयता हे दोन्ही आरोप, सृष्टी जीवांच्या कर्मांवर अवलंबून आहे असे सांगून फेटाळले आहेत, आणि मग पहिले कर्म कोठून आले या शंकेला पुढचेच सूत्र संसार अनादि असल्याचे उत्तर देते. हे उत्तर कारण सांगते की प्रश्न केवळ मागे ढकलते, याचा निर्णय स्वतः करावा. त्याचा आधार घेऊन समोरच्या पीडिताला दोषी मात्र कधीही ठरवू नये, कारण त्याचे पूर्वकर्म आपल्याला ठाऊक असल्याचा दावा या सिद्धान्तातूनही निघत नाही.