बासरी शिकवताय? मग ‘अजून जोरात फुंक’ म्हणणं बंद करा

एकेकट्या विद्यार्थ्याला बासरी शिकवायची तर तानपुऱ्याचं ॲप, आरसा, हात नसलेली खुर्ची एवढं तुम्ही ठेवलं असणारच, त्यामुळे थेट कामाचं बोलू.

१. आधी सा ऐका

नवखा असेल तर प्रश्नच नाही. पण ‘मला थोडं येतं’ म्हणणारा आला की तो हमखास एखादं गाणं वाजवून दाखवतो. वाजवू द्या, ‘छान’ म्हणा आणि मग तानपुरा लावून नुसता सा धरायला सांगा. लेव्हल तिथे कळते. गाण्यात सूर इकडेतिकडे झाला तरी खपून जातं, तानपुऱ्यासमोर नाही खपत. फक्त बासरी गार असताना सूर थोडा उतरलेला असतो, दोन मिनिटं वाजवून तापली की वर येतो, म्हणून पहिल्याच सुरावर निकाल देऊ नका.

२. बासरी हाताला बसेल ती

‘मोठे कलाकार वाजवतात तीच लांब ई स्केल (म्हणजे जिचा सा पाश्चात्त्य ई सुरावर असतो ती) पहिल्या दिवसापासून घ्या, म्हणजे नंतर बदलावी लागत नाही’ हा सल्ला कोण देतं देव जाणे. मैफिलीसाठी लांब बासरी आणली पन्नालाल घोषांनी, मुरलेल्या हातांसाठी, आणि तिच्यावर नवख्याची बोटं ताणून ताणून दुखतात, होल अर्धी उघडी राहतात आणि महिन्याभरात माणूस गायब होतो. मधल्या साइजची, जी किंवा सी स्केलची घ्या. लहान मुलांना अजून आखूड, पण खेळण्यातली नको, ती सुरातच नसते.

३. फुंक बिघडलीय की बोटं, हे ओळखणं

इथे खरी गोची आहे. विद्यार्थी सा वाजवतो, नी वाजवतो, खाली मंद्र पंचमाकडे, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प कडे, जायला लागला की आवाज फाटतो, किंवा नुसती हवा येते, किंवा सूर टणकन वरच्या सप्तकात उडी मारतो. आणि शिक्षक म्हणतो ‘अजून जोरात फुंक’. बासरी शिकवण्यातला सगळ्यात वाईट सल्ला हाच. जोरात फुंकल्यावर सूर चढतो, नाहीतर पुन्हा वरच्या सप्तकात पळतो, वर चक्कर येते ती वेगळीच, आणि मूळ दोष आहे तिथेच. मलाही बरीच वर्षं हे नुसतं ऐकून ओळखता यायचं नाही, मग एक साधी पद्धत सापडली आणि आता मी तिच्याशिवाय पुढे जातच नाही.

विद्यार्थ्याला सांगायचं, बासरी दोन्ही टोकांना धर आणि फक्त फुंक. तुम्ही समोर बसून सहाही होल तुमच्या बोटांनी बंद करायची. पंचम स्वच्छ आला? मग फुंक ठीक आहे, दोष बोटांत आहे. नाही आला तर दोष ओठांत. मग उलटं करून बघा, तुमच्या बासरीवर तुम्ही फुंका आणि बोटं त्याला ठेवू द्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि महिन्यांचा त्रास वाचतो.

दोष बोटांत निघाला तर ‘नीट दाब’ म्हणू नका. सा ला वरची तीन बंद, नी ला चार, ध ला पाच, प ला सहाही, या क्रमाने एकेक बोट खाली ठेवत जा आणि सूर कुठे फाटतो ते बघा. पण गंमत अशी की ज्या बोटावर फाटला ते बऱ्याचदा निर्दोष असतं, ते सहाव्या होलपर्यंत ताणताना वरचं कुठलं तरी बोट किंचित सरकलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते डाव्या हाताची अनामिका असते. एकदाच घट्ट दाबून बोटं उचलायला लावा, कातडीवर उमटलेला गोल पूर्ण आहे की चंद्रकोर आहे ते दिसतंच. हे फक्त तपासायला हां, वाजवताना बोटं आवळली की तान कधीच येणार नाही. होल बोटाच्या टोकाने नाही, सपाट ठेवून मऊ भागाने झाका.

दोष ओठांत निघाला तर आरसा पुढे ठेवा. ओठांमधली फट मध्यभागीच हवी असा हट्ट मला अजिबात पटत नाही. काहींच्या वरच्या ओठाला मधे टोक असतं, तिथे हवेची धार दुभंगते, त्यांनी फट थोडी बाजूला ठेवली तर आवाज सुधारतो. आवाज चांगला येत असेल तर वाकडे दिसणारे ओठ ‘सुधारायला’ जाऊ नका. आणि बाटलीवर फुंकायचा व्यायाम? बाटलीचं तोंड मोठं, ढिल्या ओठांनीपण ती वाजते, म्हणजे नेमकी नको ती सवय लागते.

चक्कर आली की बासरी खाली, थोडं थांबायचं. सुरुवातीला बरीच हवा वाया जाते म्हणून होतं ते, ‘सवय होईल’ म्हणून फुंकत राहायला लावू नका.

४. सा रे ग वर छोटी धून लगेच द्या, अलंकार (सुरांच्या ठरावीक क्रमांचा सराव) तिच्या जोडीने. नुसते अलंकार घोटायला लावले तर कोण टिकणार.

५. तार सप्तक. ओठांची फट बारीक, ओठ फुंकायच्या होलच्या काठाच्या जरा जवळ. जोर नाही. वर सांगितलंच आहे.

६. मधल्या लेव्हलवाले

यांना गाणी येतात पण कागदावरचं नोटेशन काढून घेतलं की हात थांबतात. मी एक ओळ गाऊन दाखवते, त्यांनी आधी गायची, मग वाजवायची. ‘मला गाता येत नाही’ हे ऐकून घेऊ नका, सुरेल नसलं तरी चालतं, कुठला सूर आहे ते कळलं म्हणजे झालं. शुद्ध मध्यम (म) वेगळा तपासा, पहिलं होल अर्धं उघडायचं असल्यामुळे तो प्रत्येकाचा हलतो.

७. पुढे गेलेले विद्यार्थी

त्यांना कमी शिकवा. रेकॉर्ड करून त्यांचंच त्यांना ऐकवा, श्वास कुठे घेतला तिथे खूण करायला लावा. बहुतेकांचा श्वास ओळ संपल्यावर नाही, हवा संपल्यावर घेतलेला असतो, आणि हे त्यांना स्वतः ऐकल्याशिवाय पटत नाही.

ऑनलाइन शिकवत असाल तर व्हिडिओ कॉलच्या सेटिंगमधलं आवाज गाळणारं फीचर दोन्हीकडे बंद करा, नाहीतर लांब धरलेला सूर ॲपला पंख्याची घरघर वाटते आणि ते तो कापून टाकतं, मग तुम्ही उगाच विद्यार्थ्याचा दम कमी पडतोय म्हणत बसता. एकत्र वाजवायचं तर सोडाच, आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे आधी तुम्ही, मग त्याने.