पटकथालेखनात सातत्य कसे राखावे

प्रचलित मांडणीतील पटकथेचे एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालते, म्हणजे पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी ९० ते १२० पाने लागतात. हा आकडा नवोदिताला धास्तावतो, म्हणून रोजचे उद्दिष्ट एका प्रसंगापुरतेच ठेवावे. त्या प्रसंगात कोणाला काय हवे आहे आणि आड कोण येते, एवढे आदल्या दिवशी कार्डावर टिपून ठेवले, तर कोऱ्या पानासमोर वेळ वाया जात नाही. शक्यतो संवाद अर्धवट असतानाच उठावे, म्हणजे दुसऱ्या दिवशीची सुरुवात आपोआप ठरते. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत मागची पाने सुधारू नयेत. बहुतेक पटकथा, माझ्या मते, याच मोहापायी अपुऱ्या राहतात. उत्साह मावळलाच, तर आवडत्या चित्रपटाची पटकथा मिळवून वाचावी.